घरात मांजर आणि दारात ‘या, या’

इंटरनेट पुरवणाऱ्या त्या छोट्या कंपनीत तिला सगळे थोरली म्हणत, कारण तिच्याइतकं जुनं तिथे कोणी नव्हतं. नुसती जुनी नाही, हट्टीही. एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी हलायची नाही.

तिचं काम पत्त्यांचं. कंपनीकडे इंटरनेटच्या पत्त्यांचे, म्हणजे कोणाचं काय कुठे पोचवायचं त्या नंबरांचे, सोळा गठ्ठे. जगाला सोळा वेळा ओरडून सांगण्यापेक्षा एकच मोठी हाक द्यायची, “हे सगळे आमच्याकडे, या!” कुठला गठ्ठा कुठे, ते आत आल्यावर आपलं आपण बघायचं. अशी हाक कंपनीच्या दोन केंद्रांतून जाई; जग आधी पहिल्याकडे येई, ते गप्प झालं तरच दुसऱ्याकडे. नियम थोरलीनेच लिहिला होता: सोळांतला कोणीही एक जिवंत दिसला की हाक द्या. त्या नियमाचं तिला कोण कौतुक!

गेल्या महिन्यात ते कौतुक नडलं. पहिल्या केंद्रातून गिऱ्हाइकांकडे जाणारी तार तुटली. पंधरा गठ्ठे गायब. पण सोळावा त्या केंद्राच्या आतल्याच कॅमेऱ्यांचा, तो कसला मरतोय! त्याच्या जिवावर हाक चालूच राहिली. जग बापडं तिथेच येत राहिलं आणि दारातच गडप झालं. दुसऱ्या केंद्राची गिऱ्हाइकांकडे जाणारी तार धडधाकट असून ते माश्या मारत बसलं. गिऱ्हाइकांत रुग्णवाहिकांची कॉल-रूमही होती; इंटरनेटवर चालणारा तिचा फोन चाळीस मिनिटं वाजलाच नाही.

“आता हे काम बाहेरच्या माणसाला देऊ,” मालक म्हणाले.

“चूक माझी आहे, साहेब. मीच निस्तरणार.”

घरी तिने आईला सगळं सांगितलं. आई भाजी निवडता निवडता फणकारली, “अगं, घरात नुसतं मांजर असताना दारात ‘या, या’ करतेस? दार उघडायला माणूस नको?”

थोरली ताडकन उठली. दुसऱ्या दिवशी तिने नियम बदलला. कॅमेरे मोजायचेच नाहीत. कॉल-रूमचा गठ्ठा दिसला तरच हाक, नाही तर तोंड बंद. मग जग आपोआप दुसऱ्या केंद्राकडे वळेल.

“वळेल कशावरून?” मालकांनी विचारलं.

“तुमच्यासमोर पहिल्या केंद्राची तार उपटते.”

कॉल-रूमला आधी कळवलं. खरे फोन त्या दुपारपुरते दुसऱ्या लाइनवर घेतले. मग थोरलीने तार उपटली आणि कॉल-रूमचा नंबर फिरवला. लागला नाही. पुन्हा फिरवला. तरी नाही. मालकांचा हात तारेकडे गेला.

“हात लावू नका, साहेब! जगाला वळायला जरा वेळ लागतो.” ती असं कधी बोलली नव्हती.

तिने तिसऱ्यांदा फिरवला. रिंग वाजली.

“बोला, रुग्णवाहिका कुठे पाठवायची?” पलीकडून बाईंचा घाईचा आवाज आला.

“कुठेच नको, ताई,” थोरली म्हणाली. “तुमचा फोन वाजतोय ना, तेवढंच ऐकायचं होतं.”