सैतानाचा पूल आणि आईचा मान

मी जपानला निघाले त्या सकाळी आईने माझ्या हातावर दही घातलं नाही. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. वाटी घेऊन ती दारामागे उभी राहिली आणि काकूला म्हणाली, "तुम्ही घाला. शुभकार्यात मी नको." काकूने घातलं. मी दही गिळलं आणि रागही गिळला. कराडच्या माणसांनो, तो राग तुमच्यावरही होता, कारण "अगं, तूच घाल ना" असं एकानेही म्हटलं नाही.

इकडे टोकियोतल्या निशी-कसाईत संसार थाटला. माझी लेक सई इथेच जन्मली. मी मराठीत हाक मारली की ती जपानीत ओ देते. कामही भलतंच मिळालं, जुने दगडी पूल दुरुस्त करायचं. त्यासाठी कंपनीने मला युरोपातही धाडलं. तिथे दऱ्याखोऱ्यांत सैतानाचे म्हणून ओळखले जाणारे कितीतरी पूल आहेत आणि गोष्ट बहुतेक एकच. गावकऱ्यांना कमान काही जमेना, तेव्हा सैतानाने ती एका रात्रीत उभारून दिली आणि बदल्यात पुलावरून पहिला जाईल त्याचा जीव मागितला. गावकरी त्याच्याहून बेरकी! त्यांनी कुठे बोकड पुढे हाकलला, कुठे कुत्रं, कुठे कोंबडा. सैतान बसला हात चोळत. सई ही गोष्ट मला रोज सांगायला लावायची.

गेल्या वसंतात आई पहिल्यांदा जपानला आली, तेव्हा दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरचा आमचा पूल नुकताच पुरा झाला होता. पुरात ढासळलेली कमान आम्ही दगड न् दगड जुळवून पुन्हा उभी केली होती. इथे नव्या पुलावरून पहिल्यांदा चालण्याचा मान एकाच घरातल्या तीन पिढ्यांना देतात. पूलही तसाच पिढ्यान्‌पिढ्या टिकावा म्हणून. पण त्या गावात तीन पिढ्यांचं घरच उरलं नव्हतं, पोरं सगळी टोकियोला. आमचे साइटप्रमुख मोरिता-सान मला म्हणाले, "तुमची आई आली आहे ना? मग तुम्हीच चला. आई सगळ्यांत पुढे."

ऐनवेळी आई मागे सरली. "मी नको. सईला घाल पुढे, लेकरू शुभ असतं." सगळं गाव ताटकळत उभं. मला रडूच यायला लागलं. इतक्या लांब येऊनही ती दारामागेच उभी होती.

तेवढ्यात सई तिला बिलगली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजी, पहिल्याला सैतान नेतो!" मोडक्यातोडक्या मराठीत तिने सगळी गोष्टही सांगून टाकली.

आईने पदर खोचला. "अस्सं? आणि पोरीला पुढे घालत होते मी? सरका. बघतेच कोण नेतंय मला!"

ती तरातरा निघाली. आम्ही मायलेकी मागे. पलीकडे पोचल्यावर ती वळली आणि पाहुण्यांना बोलवावं तशी सगळ्या गावाला म्हणाली, "या, या आता! काही नाही इथे!" मराठी कुणाला कळणार? पण सगळे कमरेत वाकले, मग टाळ्यांचा कडकडाट झाला. मी उघड उघड रडले. इतका आनंद मला पूल उभा राहिला तेव्हाही झाला नव्हता.

आई कराडला परतली. परवा चुलतभावाच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. औक्षणाला सवाष्णींनी पुढे यावं, असं गुरुजी म्हणाले आणि आईने जाऊन ताट उचललं. हे तिनेच फोनवर सांगितलं. इतकी वर्षं घर म्हटलं की मी जरा तोऱ्यातच निशी-कसाई म्हणायचे. आता कराडही म्हणते. माझी आई जिथे आपण होऊन पुढे होते, ते माझं घर.

"कुणी काही बोललं का गं?" मी विचारलं.

"बोललेही असतील. मी कुठे वळून बघितलं!"