हॉर्नच्या जागी बदक

माझ्या मामाकडे गाडी नाही. सायकलपण नाही. पण शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन गाड्यांच्या चित्रांची सहा जाडजूड पुस्तकं आहेत, रद्दीवाल्याकडून आणलेली, कांदिवलीच्या घरात टीव्हीच्या खाली ठेवलेली. मामा मरोळला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता, आता रिटायर. त्याला इंग्लिश येत नाही. मी तालुक्याच्या शाळेत शिकून नोकरीसाठी त्याच्याकडे राहायला आलो आणि पहिल्याच दिवशी वाट लावून घेतली. इंग्लिश येतं म्हणालो.

तेव्हापासून दर रविवारी माझ्या तोंडात ब्रश असतानाच हाक. "मेल्या, हयसर काय लिवलाहा? वाच!"

एकेका वाक्यात चाळीस शब्द, त्यातले मला कळणार तीन. माणसाने करायचं काय? मी नाकातून साहेबाचा आवाज काढून ओळ वाचायचो आणि मराठीत वाट्टेल ते ठोकून द्यायचो. गाडीत छत्री घेतलेली बाई दिसली, तर म्हणायचो, पाऊस आला की इंजिनावर छत्री धरायला बायकोला शेजारी बसवायचे. रबरी भोंग्याचं चित्र आलं, तर म्हटलं, हा भोंगा यायच्या आधी गाडीला बदक बांधायचे. समोर गाय आली की बदक दाबायचं. वर बदकाचा आवाजपण काढून दाखवला.

"जीव जाईल ना रे त्याचा!" मामी आतून ओरडली.

"अमेरिका ती," मामा म्हणाला. "कायव करतली."

आणि हे सगळं तो सुंदर अक्षरात चिठ्ठ्यांवर लिहून डिंकाने चित्रांखाली चिकटवत गेला. मी बघत होतो. म्हटलं, घरातल्या घरात आहे, चिकटवू दे.

मग यंदा सोसायटीच्या सत्यनारायणाआधी सेक्रेटरी घरी आला. "काका, तुमची ती पुस्तकं टेबलावर मांडा ना. पोरांना माहिती सांगा जरा."

इतकी वर्षं बिल्डिंगला मामा आठवायचा तो फक्त नळ गळायला लागला की. आता त्याने शर्टाला इस्त्री करून आणली. आरशासमोर भाषण सुरू. बदकासकट.

मला घाम फुटला यार. आमच्या बिल्डिंगमधली पोरं शिऱ्यात केळं का घालतात तेपण फोनवर बघतात. मामाचं पार हसं झालं असतं. दोन दिवस ऑफिसातून येऊन पानापानाचे फोटो काढले, फोनवर भाषांतर केलं, डोळे गेले. आणि पूजेच्या आदल्या संध्याकाळी सगळं कबूल केलं.

मामाने पुस्तकं पुढ्यात ओढली. एकेक चिठ्ठी ओली करून नखाने काढत बसला. छत्री गेली. बदक गेलं.

"पण एक खरंच भारी आहे," मी म्हटलं. "ह्या गाड्या मोठ्या चढावर उलट्या घालून न्यायचे. रिव्हर्समध्ये."

"गप रव."

"अरे मामा, खरंच लिहिलंय! फोनवर बघ!"

"पुरे झाला तुझा."

तीन वर्षं थापा मारल्या, एकपण फुकट गेली नाही. आणि आता खरं सांगतोय तर हा ऐकत नाही!

पूजेच्या दिवशी मी मुद्दाम मागे उभा राहिलो. एका पोराने विचारलंच, "आजोबा, इथे काय लिहिलंय?"

"माका इंग्लिश येत नाही," मामा सरळ म्हणाला. "चित्र वाचता येतं." मग त्याने बोट ठेवलं. "पेट्रोलची टाकी सीटखाली. इंजिन पुढे. पंप दिसतोय कुठे? नाही. म्हणजे पेट्रोल आपोआप खाली वाहत यायचं. मग मोठ्या चढावर इंजिन वर गेलं तर?"

"बंद पडणार!"

"म्हणून गाडी उलटी घालायची. तोंड खाली, शेपूट वर."

पोरं टेबलावर चढायची बाकी होती. सेक्रेटरी प्रसाद वाटायचा थांबला. मी मागे डोक्याला हात लावला. रात्रभर बसून ते चित्र तपासलं असेल ह्याने, पण माझ्यावर विश्वास? नाव नको!

तेवढ्यात मामाने भोंग्याचं पान उघडलं आणि मला बोटाने पुढे बोलावलं.

"ह्याच्याआधी काय होतं ते माझा भाचा करून दाखवतो."

काय करणार? दाखवलं.

आता लिफ्टमध्ये शिरलो की सहा-सात वर्षांची पोरं माझं पोट दाबतात आणि आवाजाची वाट बघतात. रविवारी वाचायला मात्र मामा आता हाकच मारत नाही. तो चित्रं वाचत बसतो आणि मीच ब्रश तोंडात घेऊन त्याच्यामागे जाऊन उभा राहतो.