खोडायचं न्हाई!

मोठी माणसं ड्रॉईंग शिकायला बसली, की चित्रं होतात दोन आन् किस्से होतात पोतंभर! दुकानांच्या पाट्या हातानं रंगवायचे तेव्हाची गोष्ट. यवतला रशीदभाई पेंटर रविवारी दुकान बंद ठेवून आम्हाला शिकवायचे.

त्यात वडगाव रासाईचा बापू. घरची आधी मेंढरं, आता शेती. आई वारलेली, फोटो एकही नाही. तिचा चेहरा काढायचा, एवढ्यासाठी गडी लुनावरून यायचा. "इसरायच्या आत जमाया पायजे," म्हणायचा.

*

बापूची रेघ कायम वाकडी. वैतागला.

"भाई, रानात नांगराचं तास तर सरळ निघतंय माझं!"

"नांगरताना घडीघडी मागं बघून शिव्या देतोस का?"

"न्हाई."

"मग हितं कशाला देतोस?"

*

बापू एक रेघ मारायचा आणि दहादा खोडायचा. एकदा कागदाला भोकच पडलं! भाईंनी भोकातून त्याच्याकडं बघितलं आणि रबर स्वतःच्या खिशात टाकलं.

"आजपास्नं खोडायचं न्हाई. चुकली, तर शेजारी दुसरी मार."

*

मी आपला तांब्या काढत होतो. बायकोला दाखवला.

"वांगं झ्याक आलंय!"

मी हिरमुसून भाईंना सांगितलं.

"मागच्या खेपंला वहिनी बटाटा म्हणल्या व्हत्या ना? मग! इम्प्रूमेंट हाय की!"

*

बापूला पहिली जमली ती मेंढी. मेंढरांच्या कानाला खुणेची खाच पाडतात, प्रत्येक घराची वेगळी. चित्र बघून चुलते तापले.

"लेका, ही खाच शेजाऱ्याची! त्याची मेंढी आपल्या घरात कशाला आणलीस? दिऊन ये आधी!"

*

आईचं मात्र जमेना. नाक जुळलं, की डोळे दुसऱ्याच बाईचे. एका रविवारी बापूनं पेन्सिल फेकली.

"भाई, मला आय दिसंनाच झालीय!" डोळ्यांत पाणी.

"दिसंल. घाई न्हाई. आज नुसतं कुंकू काढ."

त्यानं कुंकू काढलं. पुढच्या रविवारी कपाळ. मग भुवया. असं करत करत चेहरा पुरा झाला, आणि बापू कागद घेऊन घरी गेला.

त्याचे वडील, आबा, ओट्यावर बिडी ओढत बसलेले. बापूच्या आईला बिडीचा भारी राग. बापूनं कागद समोर धरला.

आबांनी बिडी पाठीमागं लपवली!