लव्हॉनबाईंच्या घराचं नाक

खडी टाकलेल्या पक्क्या जागेवर माझी बोट होती. ताडपत्री घालून, दोऱ्या आवळून मी ती हिवाळ्यासाठी नुकतीच झाकली होती. ती पुन्हा सोडून हलवायचा मला आळस आला, म्हणून लव्हॉन प्रुइटबाईंचा ट्रेलर मी गवतावर घेतला.

आमच्याकडे, मिनेसोटाच्या वरच्या अंगाला, ऑक्टोबर लागला की साखरेच्या बीटाची काढणी सुरू होते आणि देशभरातून निवृत्त माणसं आपापली चाकांवरची घरं ओढत कामाला येतात. बीटाच्या ढिगापाशी बारा तास उभं राहायचं आणि थंडीआधी पैसे घेऊन दक्षिणेला पळायचं. त्यांचा मुक्काम आमच्या शेताच्या कडेला असतो आणि व्यवस्थेला मी असतो. व्यवस्था म्हणजे कोण कुठं उभं राहणार ते हातवारे करून सांगायचं. त्यासाठी मला पगार मिळतो, हे घरातले अजून मान्य करत नाहीत.

बाई ओक्लाहोमाच्या. वय बहात्तर, उंची माझ्या खांद्याएवढी. ट्रेलर बत्तीस फुटी, ज्याचं नाक ट्रकच्या पाठीवर बसतं तसला. तो त्या एकट्या मागं घेत होत्या. शेजारच्या सीटवर नवरा, ऑर्व्हलकाका. तीस वर्षं मालट्रक चालवलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. डाव्या हाताची बोटं मात्र आरशाकडे बघून हलत होती. जरा इकडं, जरा तिकडं, बस. बाई त्या बोटांवर गाडी लावत होत्या. माझ्या हातवाऱ्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

गाडी लागल्यावर बाईंनी दोन जाड फळ्या काढल्या. ट्रक सोडवला की ट्रेलरचं सगळं नाक पुढच्या दोन लोखंडी पायांवर येतं, त्या पायांखाली घालायला.

"राहू द्या हो बाई," मी म्हटलं. "ही जमीन रस्त्यासारखी आहे. फळ्या बघून लोक हसतील."

"हसू देत की. मला काय लग्नाला उभं राहायचंय?"

"आठवडाभर थेंब नाही पडलेला."

त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बरं बाबा. तू इथला, तुला ठाऊक." आणि फळ्या परत आत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागला. काढणी थांबली, आणि लोक आपापल्या घरांत पत्ते कुटत बसले. पावसाच्या तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी दाणकन आवाज आला. मी धावलो तर लव्हॉनबाईंचं घर गुडघ्यांवर आलेलं. वरचं गवत तसंच हिरवंगार, पण खालच्या काळ्या चिकणमातीत दोन्ही पाय फूटभर उतरले होते. आत ऑर्व्हलकाका आरामखुर्चीत, खुर्ची भिंतीला टेकलेली, मांडीवर अंड्याची बशी पालथी. बाई एका हातानं त्यांना धरून दुसऱ्या हातानं अंडं गोळा करत होत्या.

"रस्त्यासारखी आहे म्हणालास ना?" त्या म्हणाल्या. "कुठल्या गावचा रस्ता रे?"

घोटाळा असा की नाक इतकं खाली गेलं होतं की ट्रक मागं घेऊन त्याखाली घालता येईना. आणि ट्रक खाली गेल्याशिवाय नाक उचलून ओढता येईना. मी आमचा जॅक आणला. जॅक वर चढण्याऐवजी स्वतःच जमिनीत गेला, अगदी शांतपणे. मग मी म्हटलं, ट्रक नुसता जवळ तरी आणून बघू. ट्रकची मागची चाकं आसापर्यंत रुतली. आता दोन गोष्टी रुतल्या होत्या, आणि दोन्ही माझ्या सल्ल्यानं.

बाईंच्या जिवाला घोर होता तो वेगळाच. मुलगी ग्वेन रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओ फोन करायची. तिनं आईला एवढा एक हंगाम दिला होता. तो धड पार पडला तर ठीक, नाहीतर ती बाबांना घेऊन जाणार आणि तिच्या घराजवळच्या शुश्रूषागृहात ठेवणार. हे सगळं बाईंनी मला कांदे चिरता चिरता सांगितलं. कांदे घरंगळत होते आणि मी ते पकडत होतो.

"आमच्या घरी चला दोघं," मी म्हटलं. "खोली रिकामी आहे."

"तुझी आई भली आहे. पण ह्यांना इथं सगळं हातानं पाठ आहे. ओटा, मग फ्रिज, मग दाराची कडी. परक्या घरात हे उठून कुठं जातील?"

पण आता इथंही ते उठू शकत नव्हते. त्यांचा चाकांचा वॉकर सोडला की आपणहून नाकाकडे निघायचा.

शेजारचा म्हातारा हाल्वर रबरी बूट घालून येऊन बघून गेला. मोठा ट्रॅक्टर त्याचाच. तो ट्रेलरभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "आत्ता ओढला तर पाय इथंच राहतील आणि घर तेवढं माझ्यामागं येईल."

"मग काय करायचं?"

"काही नाही. वारा सुटायची वाट बघायची." मग माझ्या बोटीकडे बघून म्हणाला, "ती मात्र छान कोरडी आहे."

त्या दिवशी सहाला फोन आला तेव्हा बाईंनी तो माझ्या हातात दिला. "जमिनीबरोबर तिरका धर," त्या पुटपुटल्या. मी धरला. चित्रात जमीन सरळ, ओटा सरळ. ऑर्व्हलकाका पाठीला तीन उशा लावून ताठ बसलेले, शेजारी बाई हसऱ्या. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

"आई, बरं चाललंय ना?"

"अगदी. पाऊस आहे जरा. सुट्टीच म्हण ना."

"आई," ग्वेन थोड्या वेळानं म्हणाली, "तुझ्यामागचा टॉवेल असा का लटकतोय?"

आम्ही तिघांनी टॉवेलाकडे पाहिलं. तो आपला सरळ खाली लटकत होता, सगळ्या घरात तेवढा एकटाच. मी घाईनं फोन सरळ केला, तसं अख्खं घर चित्रात कलंडलं.

"फोन कोण धरतंय?" ग्वेननं विचारलं.

"इथला पोरगा आहे," बाई म्हणाल्या. "भला आहे."

ग्वेन सोळा तास गाडी हाकून आली. भांडायचं म्हणून तयारीनं आली असावी, पण दारातून आत पाऊल टाकलं आणि घसरत थेट बाबांच्या खुर्चीपाशीच पोचली. तिथंच जमिनीवर बसून तिनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. नंतर चहा घेताना म्हणाली, "आई, मी तुला दोष देत नाहीये."

"मग कुणाला देतेस?"

ग्वेननं माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं.

"त्याला नको," लव्हॉनबाई म्हणाल्या. "तो म्हणाला टणक आहे, मी ऐकलं. मला काय पाय नव्हते? उतरून एकदा टाच मारून बघायची होती. ह्यांनी बघितली असती."

खडसावलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच वारा सुटला, उत्तरेचा, कोरडा. हाल्वर म्हणाला दुपारनंतर जमेल. पण ग्वेनला थांबता येत नव्हतं, उद्या सकाळी तिला कामावर हजर व्हायचं होतं. बाईंनी काकांची पिशवी भरली. गोळ्या, दाढीचं सामान, चार शर्ट. शर्ट त्यांनी दोनदा घडी केले. मी आणि ग्वेननं काकांना उचलून गाडीत बसवलं. बाईंनी पट्टा लावला, तो नीट लागला की नाही ते ओढून पाहिलं, मग पुन्हा ओढून पाहिलं. ग्वेननं गाडी मागं घेतली तेव्हा काकांची बोटं खिडकीच्या काठावर हलू लागली. जरा इकडं, जरा तिकडं. ग्वेन मागच्या काचेतून बघत होती. तिला ती बोटं दिसलीच नाहीत. बाईंना दिसली. त्या रस्त्याच्या कडेनं गाडीबरोबर चार पावलं चालल्या आणि थांबल्या.

ते अकराला गेले. तीनला हाल्वरनं रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर पायांशेजारी रचले, त्यावर जॅक ठेवून नाक इंचाइंचानं उचललं, साखळीनं ट्रक मोकळा केला, फळ्यांवरून मागं घेऊन नाकाखाली घातला आणि खडीच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर लावून दोन्ही एकत्र ओढले. तासभर लागला. घर सरळ झालं.

"फोन करून त्यांना परत बोलवायचं?" मी विचारलं. "अजून अर्ध्या वाटेवरही नसतील पोचले."

बाई दारात उभ्या राहून आत बघत होत्या. "नको," त्या म्हणाल्या. "ती वळणार नाही. आणि मलाही तिला वळवता येणार नाही."

उरलेले अकरा दिवस त्या ढिगावर कामाला गेल्या. एकही दिवस चुकवला नाही. जेवायला मात्र बाहेर पायरीवर बसायच्या.

आमच्याकडे गाडी ओढून काढल्याचे पैसे कुणी घेत नाही. ज्याची रुतली त्यानं काहीतरी गोड करून पोचवायचं असतं. जायच्या आदल्या दिवशी बाईंनी अक्रोडाच्या वड्यांचं ताट माझ्याकडे हाल्वरसाठी दिलं. हाल्वरनं झाकण उचलून वास घेतला आणि परत ठेवलं.

"हे घेऊन जा," तो म्हणाला. "तिच्याकडून नको. ज्यानं रुतवली त्यानं करून आणायचं."

बाईंना मी सांगितलं की हाल्वरला साखर चालत नाही. त्या म्हणाल्या, मग तू खा, आणि ताट माझ्याकडे ठेवून दक्षिणेला गेल्या.

आता फेब्रुवारी आहे. पोस्टात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या दारात, जिथं भेटेल तिथं हाल्वर एकच विचारतो, "भट्टी अजून तापली नाही का रे, अँडर्स?" मी म्हणतो, या रविवारी नक्की.