हाताला लागेल अशी मांजर

केबिन रोडला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. भिंतीला चिकटवायचे पातळ टीव्ही आले, लोक बिघडलेला दुरुस्त करण्यापेक्षा नवा आणायला लागले, तसं मी शटर ओढलं आणि इंद्रलोक वस्तीतल्या घरी येऊन बसलो. पण हाताची सवय जाईना. सोल्डरिंगचं गरम टोक हातात असल्याशिवाय दिवस गेला असं वाटायचंच नाही. मग एका पॅकिंगच्या फळीवर त्याच टोकानं बिल्डिंगखालचा कुत्रा काढला. काढला म्हणजे जाळला. कुत्र्यापेक्षा डुकरासारखाच जास्त झाला होता, पण लाकूड जळताना जो तपकिरी रंग चढतो तो मला आवडला. पुढे त्यासाठीच मिळणारं गरम पेन आणलं, कमी-जास्त करायच्या बटणासकट.

गॅलरीत, कबुतरांच्या जाळीला लागून माझं टेबल आहे. धूर बाहेर जातो असा माझा समज होता. तो खालच्या घरात जायचा. खालची गुजराती बाई फोन करून विचारायची, "अंकल, कुछ जल रहा है क्या?" एकदा मी म्हणालो, "हां बेन, कुत्ता जल रहा है." ती बिचारी चपला न घालता वर धावत आली. फळी बघून आधी चिडली आणि मग तिनं तिच्या पोपटाचं चित्र करायला सांगितलं.

असं करत करत बिल्डिंगमधली सगळी जनावरं माझ्या हाताखालून गेली. माणसं मी करत नाही. माणसाला स्वतःचं नाक कधी पसंत पडत नाही, जनावराची तक्रार नसते. या कामात खोडरबर नसतो, एवढं एकच लक्षात ठेवावं लागतं. जळलं ते जळलं. अंधार वाढवता येतो, उजेड परत आणता येत नाही. म्हणून जिथं पांढरं हवं तिथं लाकूड कोरंच सोडायचं. डोळ्यातला चमकता ठिपका मी असाच सोडतो आणि लोक नेमकं त्यालाच म्हणतात, "वा, काय जिवंत डोळा आहे!"

आमच्याकडे मांजर होती. आमच्याकडे म्हणजे बायकोकडे. मला ती विचारत नव्हती, मी तिला विचारत नव्हतो, व्यवहार चोख होता. बायको मासे साफ करायला बसली की ही पायाशी हजर. आम्ही रत्नागिरीकडचे, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस ती हजरच.

बायकोला काचबिंदू आहे. कळला तोवर बरंच नुकसान झालेलं होतं. यात नजर बाजूंनी मिटत येते. समोरचं दिसतं, पण दाराची चौकट दिसत नाही, पायातली बादली दिसत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर येणार नाही, राहिलेली टिकवायचा प्रयत्न करू. मी त्यातलं 'टिकवायचा' एवढंच ऐकून घरी आलो. वेळच्या वेळी थेंब घालायचं काम माझं. तिनं "हल्ली अजून कमी दिसतंय हो" म्हटलं की मी म्हणायचो, "काही नाही, बल्ब बदलायला झालाय." घरातले सगळे बल्ब मी बदलून टाकले.

पायाशी आलेली मांजर तिला दिसायची नाही. ती खाली वाकून हात फिरवायची आणि मग म्हणायची, "आलीस का गं?" नंतर नंतर तर मांजरीकडे बघायचंच तिनं सोडून दिलं. टीव्हीसमोर बसून हात फिरवत राहायची.

मग मांजर गेली. म्हातारी झाली होती, दोन दिवस खाल्लं नाही आणि गेली. बायको फार रडली नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मला म्हणाली, "अहो, सगळ्या गावाची कुत्री-मांजरं केलीत. आता माझी करा."

मी म्हटलं, करतो. आणि जीव ओतून केली, हे कबूल करायला मला लाज नाही. घोडबंदरकडच्या एका वखारीतून शिवणाच्या लाकडाची फिकी फळी निवडून आणली. सागाच्या तेलकट फळीवर टोक चिकटतं. मांजरीचे फोटो मुलीच्या मोबाईलमध्ये होते, ते सासरहून तिनं पाठवले. अंगावरच्या पट्ट्यांना मी इतकी हलकी छटा दिली की धूर बसल्यासारखी वाटावी. मिशांसाठी लाकूड कोरं सोडलं. डोळे असे उतरले की मलाच दचकायला झालं. वरून पॉलिशचे हात मारले, फळी गुळगुळीत, आरशासारखी. खालची बेन म्हणाली, "अंकल, ये तो अभी म्यांव बोलेगी." सोसायटीच्या सेक्रेटरीनं फोटो काढून ग्रुपवर टाकला.

बायकोनं फळी मांडीवर घेतली. बघितली. चांगली झालीय म्हणाली. मग तिनं डोळे मिटले आणि फळीवर बोटं फिरवायला लागली. वरून खाली, कडेनं, पुन्हा मधून.

"कुठाय?" ती म्हणाली.

"काय कुठाय?"

"मांजर. हाताला काहीच लागत नाही हो. नुसती फळी आहे."

माझं टाळकंच सटकलं. "अगं, मग डोळे उघडून बघ ना! एवढी मरमर करून केलीय ती काय चाचपायला?"

"डोळे उघडून बघायला मोबाईलमध्ये फोटो आहेत की," ती म्हणाली. "तुमच्याकडे का सांगितलं मग? लाकडात जाळतात तर म्हटलं हाताला लागेल. मला पुढं उपयोगी पडेल असं करून द्या."

'पुढं' म्हणजे काय ते मी विचारलं नाही. चप्पल घातली आणि उगाचच केबिन रोडला चक्कर मारून आलो. भाजी आणली, ती घरात होतीच.

दुसऱ्या दिवशी जाड फळी घेतली. आता छटा नाही, पॉलिश नाही. पेन पूर्ण तापवलं आणि खोल जाळत गेलो. केस काढताना टोक मुळाशी दाबायचं आणि शेंड्याकडे उचलत न्यायचं, म्हणजे केसाच्या दिशेनं बोट फिरवलं तर सरकतं आणि उलटं फिरवलं तर अडतं. हे मी डोळे मिटून तपासायचो. पहिल्यांदा तपासलं तेव्हा मला माझ्याच फळीवर नाक कुठं आणि कान कुठं ते कळेना. खुर्चीत तसाच बसलो. मला तर डोळे उघडायची सोय होती. खालून बेनचा फोन आला, "अंकल, आज बहुत धुआं है." मी म्हटलं, "बेन, सहन करो, घर का काम है." नंतर तिचा फोन आला नाही.

कपाळ, कान, गालाचा फुगवटा झाला. डोळ्यांपाशी अडलो. कोरा ठिपका बोटाला कळणार नाही. खड्डे केले तर कवटीसारखं लागणार. शेवटी बायकोलाच विचारलं, "डोळ्यांचं काय करू?"

"मिटलेले करा," ती लगेच म्हणाली. "मी हात फिरवायला लागले की ती डोळे मिटायची. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं घरात होती, मी कधी बघितलंच नव्हतं. एकेका डोळ्याची एकेक वाकडी रेघ जाळली आणि पेन बंद केलं.

दिसायला ती फळी भयंकर होती. काळीकुट्ट, ओबडधोबड, चुलीतून काढल्यासारखी. सेक्रेटरी बघून म्हणाला, "काका, पहिली भारी होती हां." मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाही केली."

दुपारी जेवणं झाल्यावर बायको फळी घेऊन पलंगावर बसली. डोळे मिटले. नाकावरून बोट वर नेलं, कपाळावरच्या भोवऱ्यापाशी थांबली, तिथून कानामागं गेली आणि तिथं दोन बोटांनी खाजवलं. मी समोर उभा होतो. दुकानात गिऱ्हाईक टीव्ही चालू करून बघायचं तेव्हा उभा राहायचो तसा. बोटं मिटलेल्या डोळ्यांवरून गेली आणि परत कानामागं आली.

"आली," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, अगदी शांतपणे, आज भाजी कुठली करू असं विचारावं तसं म्हणाली, "आता गेले डोळे तर जाऊ देत."

"जाऊ देत काय, जाऊ देत!" माझा आवाज एकदम चढला, मलाही आवरला नाही. "मला नाही चालणार! कळलं? मला नाही चालणार ते!"

तिनं डोळे उघडले नाहीत. हात फळीवरच होता.

"ओरडताय कशाला," ती म्हणाली. "कान शाबूत आहेत माझे. बसा इथं."