ताईच्या अंगातलं बळ

आईच्या माहेरची माणसं थोराड होती. मुरबाडच्या पलीकडे त्यांचं गाव. तिथं मामा भाताची गोणी एका झटक्यात पाठीवर घ्यायचे आणि गप्पा मारत चालू लागायचे. आमच्या बाबांच्या घराण्यात मात्र सगळे काटकुळे. बाबा भारा उचलण्याआधी इकडंतिकडं बघायचे, कुणी हात लावतंय का म्हणून. त्यामुळं दादा जन्मला तेव्हा तो मामांवर जाणार, असं बाबांनी धरूनच ठेवलं होतं. आई सांगायची, बारशालाच ते बोलून गेले होते, हा पोलिसात जाणार.

दादा बाबांवर गेला. मामांवर गेली त्याच्या पाठची ताई. मी सगळ्यात धाकटी, आणि मीही काटकुळीच.

नव्वदच्या दशकात दादाची बारावी झाली आणि बाबांनी त्याला भरतीच्या तयारीला लावलं. शहापूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी लोखंडी गोळा आणला. कापणी झालेल्या खाचरात रोज सकाळी बापलेक दोघं उभे. धावण्यात दादा बरा होता, दम होता त्याला. पण गोळा काही लांब जाईना. घरातली अंडी, भिजवलेले चणे, म्हशीचं दूध सगळं त्याच्यासाठी राखलेलं असायचं. ताई चहाबरोबर रात्रीची तांदळाची भाकरी खायची आणि भारे वाहायला जायची. तिची दहावी झाली होती. पुढं शिकवायचं नाही, हे ठरलेलंच होतं.

एके सकाळी आम्ही दोघी न्याहारी घेऊन शेतावर गेलो. गोळा गडगडत बांधाजवळ आला होता. बाबांनी ताईला तो आणून द्यायला सांगितला. ती वाकली, तिनं तो उचलला, दादा धरायचा तसाच मानेला टेकवला आणि फेकला. दादाच्या डोक्यावरून जाऊन तो त्याच्या मागं पडला. बांधावरून फेकला असता तर दादाचा गोळा तिथवर एकदाही पोचला नसता.

दादाला राग आला नाही. तो हसत सुटला. त्यानं तिला पुन्हा फेकायला लावलं, हात कसा ठेवायचा ते दाखवलं, आणि दुसऱ्यांदा गोळा आणखी पुढं गेला. मग तो बाबांकडं वळला.

"बाबा, हिला धाडा. आता बायकांचीपन भरती निघते. बारावी करू द्या तिला."

बाबा गोळा पडला होता त्या जागेकडं बघत होते. तिकडंच बघत म्हणाले, "तिचा जोर सासरी कामाला येल."

त्यांनी ते रागानं म्हटलं नव्हतं. त्यांच्या मते ते लेकीचं कौतुकच होतं. ताईला काय वाटलं, हे कुणी विचारलं नाही. घरी येताना तिनं मला एवढंच विचारलं, "भरती झाली की बूट देतात काय गो?" मला ठाऊक नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात मामांनी मुरबाडकडचं स्थळ आणलं आणि तिचं लग्न झालं.

दादा ठाण्याला भरतीला जात राहिला. धावण्यात निघायचा, गोळ्यात अडकायचा. तो परत आला की बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, पोरगा आळशी आहे, मामाचं रक्त असून अंग मोडून मेहनत करत नाही. दादा ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जास्त वेळ गोळा फेकायचा. असं करता करता त्याचा खांदा कायमचा दुखावला. शेवटी तो आसनगावजवळच्या एका कंपनीत लागला. बाबांशी त्याचं बोलणं कामापुरतं उरलं. आपण खरंच आळशी, हे त्यानंही मनात धरलं असावं.

ताईचं सासर वाईट नव्हतं. सासू तर चारचौघांत सुनेची ताकद कौतुकानं सांगायची. ताईवर कुणी जबरदस्ती केली नाही. फक्त जड काही असलं की सगळे तिची वाट बघत थांबायचे. खताच्या गोण्या, डोंगराकडच्या शेतातले भारे, घर बांधताना सिमेंट. दोन बाळंतपणं झाली तरी त्यात फरक पडला नाही. माहेरी आली की आमची आईसुद्धा कणगीजवळच्या गोण्या तिच्यासाठी ठेवून द्यायची.

दोन हजार सालानंतर केव्हातरी तिची कंबर गेली. एक पाय बधिर झाला. मी तोवर नर्सिंग करून कल्याणला एका दवाखान्यात लागले होते. दादा तिला घेऊन आला. डॉक्टरांनी तिला पाय त्यांच्या हातावर दाबायला सांगितला, आधी दुखरा, मग चांगला. चांगल्या पायानं त्यांचा हात मागं सरला. त्यांनी विचारलं, तुम्ही काही खेळत होता का? ताई म्हणाली, भारे वाहायची.

दादानं मग त्यांना विचारलं, एका घरात वाढून असं कसं होतं. डॉक्टरांनी नीट समजावलं. स्नायूंची घडण माणसागणिक वेगळी असते आणि त्यातला बराच भाग आईबापांकडून येतो. कुणाच्या स्नायूंत झटक्यात जोर लावणारे तंतू जास्त, कुणाच्यात दमानं टिकणारे. खाणं आणि सराव यांनी भर पडते, पण सारख्या सरावानं दोघांची ताकद सारखी होईलच असं नाही. आणि आईकडचं मुलाकडंच जाईल, असाही काही नेम नाही.

बाहेर आल्यावर दादा बाकावर बसला. "म्हंजी माझी काय चूक नव्हती," तो म्हणाला. ताईनं त्याच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या दोघांकडं बघवेना.

घरी गेल्यावर त्यानं बाबांना डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. बाबा थकले होते, ओटीवर बसून असायचे. ऐकून म्हणाले, "तवा कोनी सांगितलं नाय."

"मी सांगितलेलं," दादा म्हणाला.

 पुढं बाबा वर्षभरच होते. ताई भेटायला आली की ते स्वतः उठून तिला पाट द्यायला बघायचे, आणि तिला वाकता येत नसल्यामुळं तो पाट तसाच पडून राहायचा.

कंबरेच्या ऑपरेशननंतर ताई चालायला लागली, पण जड उचलणं कायमचं बंद झालं. तिची दोन्ही मुलं आमच्या बाबांच्या अंगाची निघाली, हातपाय काडीसारखे. मामांच्या नातवंडांतही ताईसारख्या बळाचं कुणी दिसत नाही. परवा तिच्याकडं गेले तेव्हा ती दारात तांदूळ निवडत बसली होती. पाण्याचा हंडा आत न्यायचा होता. तिनं शेजारणीला हाक मारली आणि ती येईपर्यंत हंड्याकडं बघत राहिली.