दादाचा मणका आणि मी लपवलेली चूक

"स्पायनल कॉर्ड इंज्युरी आहे, कम्प्लीट," डॉक्टर म्हणाले. म्हणजे मणक्यातली मज्जारज्जू पुरती निकामी झाली होती. दादा पुन्हा चालणार नव्हता.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"धाकटा भाऊ," मी म्हणालो. विमान मीच चालवत होतो, हे सांगितलं नाही.

माझा फक्त हात मोडला होता. पायलटचं लायसन मिळाल्यावर सगळ्यांत आधी मी दादाला वर नेलं. खोडदचं आमचं शेत आणि शेजारच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठाल्या अँटेना वरून बघून तो हरखला होता. उतरताना वेग जास्त राहिला. अशा वेळी परत वर जाऊन चक्कर मारायची असते. दादासमोर मला त्याची लाज वाटली. विमान आपटून उसळलं, मी घाईने त्याचं नाक खाली दाबलं आणि ते उलटलं.

पुण्यात ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी दादाला वॉर्डात आणलं. लघवीला कॅथेटर, म्हणजे नळी. बेडसोर, म्हणजे पाठीला जखमा, होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचं. वहिनी आणि मी पाळी लावून घेतली.

गावाकडचं कुणी भेटायला आलं की दादाच सांगायचा, "वारा आला, राव. आमच्या धाकल्यानं लई सांभाळलं, न्हाईतर दोघंबी गेलो असतो." वारा आल्याचं मीच आधी सगळ्यांना सांगितलं होतं, दादा तेच पुढे चालवत होता.

वहिनी डबा उघडून म्हणायच्या, "आधी तुमी जेवा, भाऊजी." मी डबा तसाच झाकून ठेवायचो.

दुसऱ्या महिन्यात लघवीत इन्फेक्शन झालं. दादाला ताप चढला. त्या तापात तो मला विचारू लागला, "वारा कुनीकडनं आला म्हनायचं रं? परत सांग. चुकायला नगं."

वहिनी पलीकडेच उभ्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, वारा नव्हता. चूक माझी होती."

त्या ओला टॉवेल पिळून दादाचं कपाळ पुसत राहिल्या. दादाने डोळे मिटले. "बरं झालं. मला लई ध्यानात ठेवावं लागत व्हतं."

अपघाताच्या सरकारी चौकशीत मी तेच लिहून दिलं. लायसन गेलं.

तुमच्या हातून घरचं कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर लवकर सांगून टाका. आजारी माणसाला त्याचं दुखणंच पुरे असतं, त्यात आपलं खोटं सांभाळायला लावू नये.

वहिनी वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. पण रोज सकाळी दादाला आंघोळीसाठी उचलायच्या वेळी दार माझ्यासाठी उघडं ठेवायच्या.